ड्रॅगनचे बारसे

मालवण तालुक्यातील तोंडवली हे समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वसलेले गाव. तळाशीलच्या दिशेने गेले, की एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मधे वाळूची अरुंद पट्टी एवढेच उरते. किनाऱ्यावर सुरूचे बन आहे, आणि ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात अशा सिंधुदुर्गातील किनाऱ्यांमध्ये हाही एक आहे. एखाद्या कल्पनारम्य खेळाच्या रचनाकाराने याच भूमीत आग ओकणारा महाकाय ड्रॅगन बसवायचे ठरवले, तर त्याचे नाव काय असावे? हा प्रश्न वरवर पोरखेळाचा वाटतो. परंतु जगभरात लाखो लोक खेळत असलेल्या 'रोल प्लेइंग गेम'च्या, म्हणजेच भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांच्या दुनियेत तो गांभीर्याने विचारला जातो, आणि मराठी तरुण असे खेळ आपल्या भाषेत रचू लागला, की सर्वप्रथम याच प्रश्नाशी अडखळतो. इंग्रजी वळणाचे नाव ठेवले तर ते परके वाटते आणि पुराणातले उचलले तर त्याला आधीच एक कथा, एक देव आणि एक भक्तसमुदाय चिकटलेला असतो.

शब्दांनीच उभा राहणारा राक्षस

या खेळप्रकाराची सुरुवात अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने १९७४ मध्ये झाली. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेतात आणि निर्णायक क्षणी वीस बाजूंचा फासा टाकला जातो. पडदा नाही, चित्र असेलच असे नाही. समोरचा राक्षस केवळ सूत्रधाराच्या शब्दांतून उभा राहतो. साहजिकच त्याचे नाव हे त्याचे पहिले आणि अनेकदा एकमेव दर्शन ठरते. नाव ऐकताच खेळाडूने हातातला फासा क्षणभर थांबवला, तर नाव जमले. खेळाडू हसले, तर पुढची तासाभराची लढाई वाया गेली असे समजावे.

या खेळाने ड्रॅगनांची एक व्यवस्थाच लावून दिली आहे. लाल ड्रॅगन आग ओकतो, पांढरा हिमवर्षाव करतो, काळा आम्ल, निळा वीज आणि हिरवा विषारी वायू सोडतो. या दुष्ट ड्रॅगनांची पाच डोक्यांची राणी 'टियामाट'. हे नाव बाबिलोनच्या सृष्टिकथेतील खाऱ्या समुद्राच्या आदिमातेचे आहे. तिच्या मूळ कथेत पाच रंगांची पाच डोकी नाहीत. तिचा प्रतिस्पर्धी 'बहामुट' हा अरबी विश्वरचनेत पृथ्वीचा भार पेलणारा प्रचंड मासा. खेळात तो चंदेरी झळाळीचा सज्जन ड्रॅगन झाला. म्हणजे नाव घ्यावे, अर्थ मागे सोडावा आणि नवी आकृती त्यावर चढवावी, ही रीत या खेळाला प्रारंभापासूनच मान्य आहे. आपल्याकडचा 'राक्षस'ही त्यातून सुटला नाही. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात तो वाघाच्या तोंडाचा झाला आणि आजही बहुतेक पाश्चात्त्य खेळाडूंना तो तसाच ठाऊक आहे.

नावात दडलेले कृत्य

जुन्या कथांमधील भयंकरांची नावे तपासली तर एक सूत्र हाती लागते. ही नावे बहुधा रूपाचे वर्णन करीत नाहीत, कृत्य सांगतात. ऋग्वेदातील वृत्र हा 'अहि', म्हणजे सर्प. 'वृ' म्हणजे झाकणे, अडवणे. पाणी अडवून बसलेला तो वृत्र. रावण म्हणजे आक्रोश करावयास लावणारा. शेळी गिळतो म्हणून अजगर. 'अज' म्हणजे बोकड आणि 'गर' म्हणजे गिळणारा. इंग्रजी साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध ड्रॅगन म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द हॉबिट' (१९३७) मधील खजिन्यावर पहुडलेला 'स्माउग'. त्याचे नाव बिळातून अंग चोरून सरपटणे या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक धातूच्या भूतकाळी रूपावरून घेतल्याचे टोल्किन यांनीच सांगितले होते. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने केलेला तो एक विनोद होता. रोमन लिपीतील हे नाव मराठी वाचक मात्र 'स्मॉग' असे वाचतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे ड्रॅगनऐवजी महानगरावरचे धुरके येते. एका भाषेतील दरारा दुसऱ्या भाषेत जाताना कसा विरतो, याचे याहून सोपे उदाहरण नाही.

संगणकीय खेळांनीही हेच सूत्र उचलले. २०११ च्या 'स्कायरिम' या खेळात ड्रॅगनांची स्वतंत्र भाषा असून प्रत्येक ड्रॅगनचे नाव तीन शब्दांचे बनले आहे. 'अल्दुइन' या नावात विनाशक, गिळणे आणि स्वामी हे तीन अर्थ आहेत. संस्कृत-मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण हा सरळ समास आहे. महिषासुर, मेघनाद, कुंभकर्ण ही नावे याच पद्धतीने घडली. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ आणला, तेव्हा त्यातील असुरांच्या अधिपतीचे नाव 'महाबलासुर' असे ठेवण्यात आले. महा, बल आणि असुर असे तीन शब्द सांधून बनलेले हे नाव भारतीय खेळाडूला समजावून सांगावे लागत नाही.

कृत्यवाचक नावाचा आणखी एक लाभ आहे. राक्षसाच्या नावावरून त्याला मारणाऱ्याला बिरुद मिळते. वृत्राला मारून इंद्र 'वृत्रहा' झाला. मुर दैत्याचा शत्रू तो मुरारी, मधू दैत्याला मारणारा मधुसूदन, तीन पुरांचा विध्वंस करणारा त्रिपुरारी. ही नावे घेऊन हिंडणाऱ्या किती तरी माणसांना आपल्या नावात एक मृत दैत्य दडला आहे, याची आठवणही नसते. खेळातील ड्रॅगनला नाव देताना त्यामागे 'अरी', 'सूदन' किंवा 'मर्दिनी' लावून पाहावे. विजेत्या खेळाडूला मिरवावेसे वाटेल असे बिरुद तयार होत असेल, तर ते नाव कामाचे.

वर्णांचा दरारा

अर्थ कळण्यापूर्वी कानावर ध्वनी पडतो. ध्वनीचा आणि भावाचा संबंध मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त फार बारकाईने मांडला आहे. वीर, बीभत्स आणि रौद्र रसांना पोषक अशा 'ओज' गुणाचे वर्ण कोणते, याची त्याने यादीच दिली : वर्गातील पहिल्या व दुसऱ्या किंवा तिसऱ्या व चौथ्या व्यंजनाची जोडाक्षरे, रफाराचा संयोग, ट-वर्ग, श आणि ष, आणि लांब समास. 'दुर्धर्ष', 'चंड', 'विकट', 'भीष्म' हे शब्द उच्चारले की ही यादी कशासाठी ते समजते. उलट माधुर्यासाठी त्याने ट-वर्ग वर्ज्य मानला. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने तपासला. अणकुचीदार आकृतीला लोक 'किकी' आणि गोलसर आकृतीला 'बूबा' म्हणणे पसंत करतात, हे व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांच्या २००१ च्या लेखामुळे सर्वदूर माहीत झाले. त्याची पूर्वपीठिका वोल्फगांग कोलर यांच्या १९२९ च्या निरीक्षणांत आहे.

मराठीकडे या बाबतीत इंग्रजीला हेवा वाटावा अशी सामग्री आहे. घ, झ, ढ, ध, भ हे महाप्राण वर्ण आणि ळ, ण यांसारखे मूर्धन्य वर्ण इंग्रजीत नाहीत. शिवाय नाव देवनागरीत लिहिले, की उच्चाराबद्दल फारसा वाद उरत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधील 'ड्राउ' या जमातीचा उच्चार 'ड्रो' करावा की 'ड्राउ', यावर इंग्रजी खेळाडू वर्षानुवर्षे भांडत आले आहेत.

तरीही कठोर वर्णांची गर्दी म्हणजे दरारा नव्हे. २०१८ च्या 'तुंबाड' या चित्रपटातील 'हस्तर' हे नाव पुराणांत सापडत नाही. ते चित्रपटाच्या कथेसाठी आले. तीन अक्षरे, मधे एकच जोडाक्षर आणि शेवटी उघडा पडलेला 'र'. एवढ्यावर ते प्रेक्षकांना जुन्या, विसरलेल्या देवाचे वाटले. लांबलचक नावांपेक्षा अशी आटोपशीर नावे खेळात अधिक टिकतात, कारण लढाईच्या धांदलीत ती पुन्हा पुन्हा उच्चारावी लागतात.

जे नाव घेतले जात नाही

भयंकराला भयंकर नाव द्यावे, हा झाला एक मार्ग. कोकणची रीत बहुधा याच्या उलट आहे. रात्री सापाचे नाव घेत नाहीत. 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात. सर्पदंश झाला असे न म्हणता 'पान लागलं' म्हणतात. देवीच्या रोगाचे तर नावच 'देवी' पडले. ही भीती केवळ आपल्याकडची नाही. अस्वलाला रशियन भाषेत 'मध खाणारा' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि इंग्रजी 'बेअर'चा मूळ अर्थ बहुधा 'तपकिरी' असा सांगितला जातो. खरे नाव घेतले तर ते येईल, ही समजूत या सर्वांच्या मुळाशी आहे. इंग्रजीतील अगदी जुन्या ड्रॅगनांपैकी एक, 'बेओवुल्फ' काव्यातील आग ओकणारा खजिन्याचा रक्षक, तर नावाविनाच राहिला. उर्सुला ले ग्विन यांनी 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मध्ये याच कल्पनेचे शस्त्र केले. तिथे तरुण मांत्रिक ड्रॅगनचे खरे नाव ओळखतो आणि त्या बळावर त्याला रोखतो.

मराठीने याहून एक पाऊल पुढे टाकून भयंकराला नातलग करून घेतले. वाघाचा वाघोबा, नागाचा नागोबा, वेताळाचा वेतोबा झाला. म्हसोबाच्या नावात तर महिष आहे, याकडे लोकदैवतांच्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. हा 'बा' आदराचा आहे, जवळिकीचा आहे आणि थोडा सावधपणाचाही. मालवणी गाऱ्हाण्यात देवाला 'म्हाराजा' म्हणून साद घालतात आणि जमलेले गावकरी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात, तिथेही तोच सूर असतो. तोंडवलीच्या खाडीमुखाशी बसवलेल्या कल्पित ड्रॅगनला गावकरी 'महाज्वालासुर' म्हणणार नाहीत. ते त्याला 'राखणदार' म्हणतील. कोकणात गावाची, वाडीची, वाटेची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला हाच शब्द आहे, आणि पुरलेल्या धनावर नाग बसतो ही समजूतही महाराष्ट्रात सर्वत्र आहे. खजिन्यावर बसलेल्या युरोपीय ड्रॅगनला याहून जवळचा मराठी शब्द शोधूनही सापडणार नाही. कुशल सूत्रधार अशा वेळी दोन नावे ठेवील : गावकऱ्यांच्या तोंडी असलेले सौम्य नाव, आणि शोधून काढावे लागणारे खरे नाव. ते शोधणे हाच मग खेळाचा अर्धा भाग होतो.

आगीची आपली नावे

आपल्या परंपरेत सर्प विष ओकतो, आग नव्हे, असे सरसकट म्हटले जाते. ते पुरते खरे नाही. महाभारतातील समुद्रमंथनाच्या कथेत देव-दानवांनी ओढलेल्या वासुकीच्या मुखांतून धूर आणि ज्वाळा निघतात आणि त्यांचेच मेघ होऊन पाऊस पडतो. समुद्राच्या पोटात जळणारा, घोडीच्या मुखाचा वडवानल हे तर किनाऱ्यावरील खेळासाठी जणू तयार ठेवलेले नाव आहे. लोककथेत आग्यावेताळ आहे. आज हा शब्द तापट माणसासाठी उरला असला, तरी त्यामागे अंधारात पेटत फिरणाऱ्या वेताळाचे चित्र आहे. आणि रोजच्या भाषेत 'वणवा' आहे. उन्हाळ्यात आंबा-काजूच्या बागा वणव्यात होरपळल्याची बातमी ज्याने वाचली आहे, त्याला या तीन अक्षरांची धग वेगळी सांगावी लागत नाही.

काही नावे मात्र फसवी ठरतात. 'अंगारक' हे निखाऱ्यावरून आलेले नाव ड्रॅगनला शोभेल असे वाटते. पण ते मंगळाचे नाव आहे, आणि मराठी खेळाडूच्या मनात त्याबरोबर अंगारकी चतुर्थी, रांग आणि मोदक येतात. 'भस्मासुर' राजकीय अग्रलेखांनी इतका वापरला, की त्याचा चटका उरला नाही. 'शंकासूर' म्हटले की कोणाला लाल-पिवळ्या फुलांचे झुडूप आठवते, तर सिंधुदुर्गात दशावतारातील काळ्या पोशाखाचा संकासुर. वेद पळवणारा हा दैत्य रंगमंचावर येतो तो हशा पिकवीत. 'आगडोंब'मध्ये जोर आहे, परंतु 'डोंब' हे एका जातीचेही नाव असल्याने त्याचे तुकडे करून राक्षसाला चिकटवणे अनुचित ठरेल.

नाव कोणाचे?

येथे प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केलेला कोकणच्या लोकसमजुतींचा संग्रह १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, हडळ अशा भुतांची वर्गवारी आहे. ती वाचताना जाणवते, की या नावांत मृत व्यक्तीची जात, वय, लिंग आणि वैवाहिक स्थिती नोंदवलेली आहे. मुंज होऊन लग्नापूर्वी गेलेला मुलगा मुंजा होतो, पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा होतो. म्हणजे ही भुतांची यादी असली, तरी समाजाने कोणाचे मरण अपुरे मानले त्याचीही ती यादी आहे. खेळात असे नाव घेणे म्हणजे तो सारा इतिहास घेणे होय. 'चेटकीण' या शब्दाने खऱ्या स्त्रियांना मारहाण झाली आहे. जादूटोण्याचा ठपका ठेवून माणसाला छळणे महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, ते उगाच नव्हे.

दुसरी बाजू जिवंत श्रद्धेची. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा तिथला ग्रामरक्षक देव आहे. भक्त त्याला केळी आणि मोठाल्या चपला वाहतात, आणि तो रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो अशी श्रद्धा आहे. 'चांदोबा' मासिकातील विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ, लोककथेतील आग्यावेताळ आणि आरवलीचा वेतोबा यांचे नाव एक असले, तरी नाते सारखे नाही. खेळात वेताळाला वध्य खलनायक केले, तर ते सिंधुदुर्गातील खेळाडूला रुचणार नाही. मुख्य म्हणजे ते त्या भूमीच्या दृष्टीने चुकीचेही ठरेल. उद्योगालाही याची झळ बसली आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट ३' हा खेळ सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देत भारतात न आणण्याचे जाहीर केले. त्या खेळातील दोन तोंडांच्या गुरांचे नाव 'ब्राह्मिन' होते, याकडे तेव्हा अनेकांनी बोट दाखवले. २०१२ मध्ये 'स्माइट' या खेळातील कालीच्या चित्रणावर अमेरिकेतील हिंदू प्रवक्त्यांनी आक्षेप घेतला होता.

तिसरी बाजू मालकीची. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या आरंभीच्या पुस्तकांत 'हॉबिट' होते. टोल्किन यांच्या साहित्याचे हक्कधारक कायदेशीर कारवाईच्या पवित्र्यात आल्यावर १९७७ च्या सुमारास त्यांचे 'हाफलिंग' झाले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने नियमांचा गाभा मुक्त परवान्याखाली खुला केला. कंपनीची खास पात्रे व नावे मात्र त्यातून वगळलेली आहेत. वृत्र, वासुकी, वडवानल यांवर कोणाचीही मालकी नाही. नवोदित मराठी रचनाकाराच्या पदरी पडलेली ही फुकटची, तरीही अमोल अशी पुंजी आहे.

चार कसोट्या

ड्रॅगनच्या बारशाला बसलेल्याने चार गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, नाव मोठ्याने तीनदा उच्चारावे. जीभ अडखळली, तर खेळात ते लघुरूप होऊनच वावरेल, आणि लघुरूपात दरारा राहत नाही. दुसरी, नावाला विभक्ती लावावी. ही कसोटी खास मराठीची. 'वणव्याने झडप घातली', 'वडवानलाच्या पोटातली आग' ही वाक्ये सहज होतात. परके नाव सामान्यरूप घेत नाही आणि प्रत्येक वाक्यात दगडासारखे वेगळे पडते. तिसरी, 'अरी' किंवा 'मर्दिनी' लावून विजेत्याचे बिरुद घडते का, ते पाहावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, हे नाव आज कोणाच्या देव्हाऱ्यात, आडनावात, जातीत किंवा जखमेत आहे का, ते विचारावे. त्यासाठी ग्रंथालयाइतकाच गावातील एखाद्या जाणत्या आजीचा सल्ला उपयोगी पडतो.

मराठीतील भयाचा शब्दसंग्रह आज वेगाने आक्रसतो आहे. शहरातील मुलाला टियामाट ठाऊक असते, गिऱ्हा ठाऊक नसतो. ड्रॅगन ओळखीचा असतो, वडवानल मात्र शब्दकोशात पाहावा लागतो. २०२४ मध्ये 'मुंज्या' हा चित्रपट आला आणि हे एक नाव तरी पुन्हा घरोघर उच्चारले गेले. शब्द जगतो तो उच्चारल्याने, आणि फाशांच्या या खेळात नाव रात्रभर उच्चारले जाते. समजून-उमजून निवडलेल्या एका नावाने कोशातला एक शब्द जरी बोलण्यात परत आणला, तरी त्या कल्पित ड्रॅगनने आपला खजिना राखला असे म्हणावयास हरकत नाही.